अर्धं सूत

मी सरळ माणूस आहे. हे मी स्वतःच सांगतो आहे, कारण दुसरं कोणी सांगत नाही. साताऱ्यातल्या एका हायस्कुलात मी ३२ वर्षं भूमिती शिकवली. जो माणूस रोज चार तास फळ्यावर सरळ रेषा ओढतो, त्याच्या स्वभावात थोडी फूटपट्टी उतरणारच. आमच्या सौभाग्यवतींच्या मते थोडी नव्हे, सबंध उतरली आहे, आणि ती मी बोलू लागलो की बाहेर निघते.

२०१२ साली निवृत्त झालो तेव्हा फंडाच्या पैशातून एक जुनी महिंद्र जीप घेतली. अमेरिकेच्या विलीज जीपच्या घराण्यातली. कास, सज्जनगड, यवतेश्वर, कुठेही चढते. खोड एकच. सरळ रस्ता लागला की ती भटकते. स्टिअरिंग सरळ धरावं तर ती आपली डावीकडे डोकावणार, मग उजवीकडे. बरीच वर्षं माझी खात्री होती की आपला रस्ताच वाकडा आहे. सरळ माणसाला हे फार सोयीचं असतं, नाही का?

शेवटी गेल्या वर्षी पोवई नाक्याजवळच्या एका मिस्त्रींना ती दाखवली. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात धरून पुढच्या टायरवर ठेवला.

"मास्तर, आतनं भाईर हात फिरवा."

फिरवला. मऊ लागलं.

"आता भाईरनं आत."

करवत! हात झटकन मागे घेतला. सौभाग्यवती गॅरेजच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाहेरून आत येणाऱ्यालाच लागतं वाटतं." मी दुर्लक्ष केलं.

मग मिस्त्रींनी चाकं हलवून ढिलाई पाहिली, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, टायरच्या मधोमध खडू फासला, आणि चाक फिरवत खिळ्यानं बारीक रेघ ओढली. खडू आणि रेघ! मला वर्गात आल्यासारखं वाटलं. गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलली आणि टेपचं एक टोक माझ्या हाती आलं. आसाच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर आधी चाकांच्या पुढच्या अंगाला मोजायचं, मग मागच्या. पुढचं अंतर एक सूत जास्त भरलं. म्हणजे चाकं बदकाच्या पायांसारखी फाकलेली.

"दोन्ही अंतरं सारखी करून टाका," मी म्हणालो. "समांतर."

"न्हाई मास्तर. पुढनं अर्धं सूत कमी ठिवायचं."

अर्धं सूत म्हणजे इंचाचा १/१६ भाग. विलीजच्या पुस्तकातही ३/६४ ते ३/३२ इंच असंच दिलेलं आहे.

"म्हणजे मुद्दाम वाकडी बसवायची?"

"हुबी आसताना वाकडी, पळताना सरळ. गाडी पळाया लागली की रस्ता चाकाला मागं रेटतोय, आन् जोडात जरा ढिलाई आसतीच. मंग चाकं फाकत्यात. आदीच अर्धं सूत आत आसली, की पळताना बराबर सरळ येत्यात. हुबी आसताना लई सरळ दिसती ना, ती गाडी पळताना फाकती."

त्यांनी टाय रॉड फिरवायला घेतला आणि मी गप्प बसलो. सौभाग्यवतींना आश्चर्य वाटलं. पण ते वाक्य मला लागलं होतं, त्याचं कारण सांगतो.

माझा धाकटा भाऊ सांगलीत कृष्णेच्या अंगाला राहतो. २०१९च्या ऑगस्टात त्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. दोन महिने खपून त्यानं चिखल उपसला, भिंती रंगवल्या, सत्यनारायण घातला आणि आम्हांला बोलावलं. नव्या रंगावरून हात फिरवत त्यानं विचारलं, "अण्णा, कसं झालंय घर?"

मी म्हणालो, "पैसे पाण्यात घातलेस. २००५च्या पुरानंतरच विक म्हणालो होतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता. भावजय प्रसादाचा द्रोण हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून आम्हां भावांचं सूत तुटलं. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. म्हणजे मी बरोबर ठरलो! बरोबर ठरल्याचा इतका त्रास मला जन्मात झाला नव्हता. फोन त्यानं करायचा की मी, यावर आम्ही दोघेही सरळ उभे राहिलो, एक साताऱ्यात, एक सांगलीत. समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत, हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतलं. ते किती दुःखाचं वाक्य आहे हे मला गॅरेजात कळलं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. दोन चाकांत अंतर चार फूट, टायरचा व्यास २८ इंच, आतला कल अर्धं सूत. तर या चाकांच्या रेषा साधारण अर्ध्या किलोमीटरवर मिळतात. फार लांब नाही.

पण मग खोटं बोलायचं का? इथे आमचे धर्मराज आडवे येतात. त्यांचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. अश्वत्थामा गेल्याचं त्यांनी मोठ्यानं सांगितलं, तो हत्ती होता हे हळूच, आणि रथ खाली टेकला. आता वाटतं, हवेतल्या चाकांना अलाइनमेंट लागतच नाही. त्यांना रस्त्याचा रेटा कुठला? मात्र धर्मराजांचं वाकणं अर्ध्या सुताचं नव्हतं. त्यात गुरूचा जीव गेला. मिस्त्रींनीही बजावलं होतं, "जादा आत घेतली तरी टायर जातोय." उद्या ते घर विकत घ्यायला कोणी आलं, तर पाणी कुठवर चढतं हे त्याला इंचात सांगायला हवं. तिथे अर्धं सूतही नाही.

पण भावानं मला घराची किंमत विचारली नव्हती. 'मी पुन्हा उभा राहिलो, दिसतंय ना?' एवढंच त्याला विचारायचं होतं. मी भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. अशा उत्तराला मी वर्गात शून्य मार्क देत असे.

पुढच्या रविवारी कंदी पेढे घेऊन निघालो. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा. जीप दोरी लावल्यासारखी सरळ चालली. सांगलीत भावानं दार उघडलं. "ये" म्हणाला, एवढंच. आतल्या भिंतीवर त्यानं पुरांच्या दोन रेघा जपून ठेवल्या होत्या, २०१९ची वर, २०२१ची खाली. अगदी समांतर. माझ्या जिभेवर एक संपूर्ण सरळ वाक्य तयार होतं. मी ते अर्धं सूत आत घेतलं.

"दोन वेळा उभं केलंस रे हे घर," मी म्हणालो. आणि हेही खरंच होतं.

तो जरा वेळ रेघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण अण्णा, तुझं तेव्हा खरं होतं."

"होतं. पण फाकलेलं होतं."

त्याला काही कळलं नाही. मी त्याला बाहेर नेलं आणि जीपच्या टायरवर हात फिरवायला सांगितला. चाकं सरळ झाली आहेत, पण टायर जुनेच आहेत. करवत झिजायला वेळ लागणार.