शाबासकी कोणाची?

परवा सूनबाईंनी आमच्या नातीसाठी पनवेलच्या बाजारातून एक बोलके खेळणे आणले. बटण दाबावे, की चित्र उजळते आणि आतली बाई म्हणते, "ब बदकाचा!" उत्तर बरोबर आले, की "शाबास!" चुकले, की "पुन्हा प्रयत्न कर." पंधरवड्यात चार वर्षांची पोर निम्मी मुळाक्षरे शिकली. मुलगा आणि सून मुंबईहून लोकलने घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते. त्यांनी हे आणले यात गैर काय?

शिवाय त्या बाईंचा एक गुण माझ्यात नाही. दहादा चुकले तरी त्या चिडत नाहीत. माझा आवाज तिसऱ्या खेपेलाच चढतो. मग गुरू कोण श्रेष्ठ?

साधनांशी माझे वैर नाही. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ साली शब्द उच्चारून स्पेलिंग विचारणारे 'स्पीक अँड स्पेल' काढले, त्याच घराण्यातले हे खेळणे. त्याही आधी, १९४५ साली, ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. शंख, शिंपले, बिया हीच साधने झाली. पण शिंपला मुका. त्याच्यासाठी बोलायला शेजारी कुणीतरी बसावेच लागते. बोलके खेळणे त्या माणसाला उठून जाण्याची मुभा देते.

मीही तसाच उठून वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. पोरीने खेळण्याला विचारले, "बदक पाण्यात भिजत कसं नाही?" ते म्हणाले, "ब बदकाचा!" मग ती माझ्याकडे आली. "त्यालाच विचार," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. त्यांची मला लाज वाटली.

आम्ही वडाळे तलावावर गेलो. पाणपक्षी चोचीने पिसांना तेल चोळतात, म्हणून पाणी ओघळून जाते, हे तिला दाखवताना वाटले, जो कधी थकतच नाही त्याच्या न चिडण्याला संयम कसे म्हणावे? संयम त्याचा, ज्याचा तो सुटू शकतो. शाबासकीही त्याचीच, ज्याला त्या वेळी दुसरे काही करता आले असते.

खेळणे अजून घरात आहे. पोर बरोबर बटण दाबते, "शाबास" ऐकते आणि वळून माझ्याकडे पाहते. तेवढ्या वेळी माझ्या तोंडासमोर वर्तमानपत्र नसावे, एवढेच मी पाहतो.