विचारलं नाही म्हणून

पोरानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. उकिडवं बसून चेन बघितली, मागचं चाक धरून हलवलं, हँडल डावीउजवीकडे फिरवून कोनसेट तपासला आणि मग उभं राहत मला विचारलं, “काका, गाडी कधी पडली का?”

मी म्हणालो, “नाही.”

हे खरं होतं. बारा वर्षांत ती गाडी एकदाही पडली नव्हती. तरी उत्तर देताना माझी नजर त्याच्या तोंडावर नव्हती. ती मागच्या कॅरिअरच्या डाव्या नटाकडे गेली होती. पोराच्या ते ध्यानात आलं नाही. त्यानं खिशातून पाच हजार काढले आणि इसार म्हणून माझ्या हातावर ठेवले. पंचेचाळीस हजारांना सौदा ठरला. बाकीचे पैसे रविवारी द्यायचे आणि गाडी न्यायची.

ही गाडी म्हणजे हिरोची इम्पल्स. २०११ साली निघाली, मी २०१२ ला घेतली. आमच्याकडं शेतकऱ्यानं स्प्लेंडर घ्यावी असा अलिखित नियम आहे. पण माझं रान मुळेच्या खोऱ्यात, ओढ्याच्या पलीकडं. वाट म्हणजे नुसते गोटे. पावसाळ्यात गोटे आणि चिखल दोन्ही. साध्या गाडीचा सायलेन्सर दर वर्षी दगडाला आपटून चेपायचा. संगमनेरला शोरूममध्ये ही उंच गाडी बघितली. पुढचं चाक एकोणीस इंची, सायलेन्सर वर उचललेला, मडगार्ड चाकापासून हातभर वर, मागं एकच शॉकअब. मला वाटलं, आपल्या ओढ्यासाठीच बनवलीय. सीटवर बसलो की एक पाय कसाबसा टेकायचा. गावात लोक म्हणायचे, “नाना, उंट घेतला का?” मुलगा तर महिनाभर त्या गाडीवर बसायला तयार नव्हता.

ती फारशी कुणी घेतली नाही. काही वर्षांनी कंपनीनं बंदच केली. पुढं २०१६ ला हिमालयन आली, २०१९ ला एक्सपल्स आली आणि शहरातल्या पोरांना डोंगरात गाड्या घालायचं वेड लागलं. मग जुन्या इम्पल्सला भाव आला. वजनाला हलकी, १३४ किलो. कार्बोरेटरची, म्हणजे रस्त्यात बंद पडली तर पान्यानं उघडता येते. आणि बटण चाललं नाही तर किक आहे. जे मी ओढ्यासाठी बघितलं तेच ही पोरं हिमालयासाठी बघतात.

जुनी गाडी सांभाळणं हे जनावर सांभाळण्यासारखंच, रोज हात फिरवावा लागतो. दर पावसाळ्यानंतर मी चिमट्याचे बुश काढून ग्रीस भरायचो. चिखलपाण्यातून गाडी गेली की एअर फिल्टर त्याच दिवशी धुवायचा, वाळवायचा आणि हलकं ऑइल लावून बसवायचा. स्पोक एकेक बोटानं वाजवून बघायचे. सगळे एका सुरात वाजले पाहिजेत. बद्द वाजला तो ढिला. कार्बोरेटरच्या जेटात कचरा अडकला तर तार घालायची नाही, भोक मोठं होतं. हवाच मारायची. हे सगळं मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवलंय. तारीख, किलोमीटर, काय बदललं. दहावी शिकलेल्या माणसाला वही लिहायची हौस फार. इंजिनाचं घराणं हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमचंच, त्यामुळं आतला माल मिळतो. बाहेरचं प्लॅस्टिक मात्र मिळत नाही. टाकीजवळचं एक पॅनेल मी तारेनं बांधलंय, आणि ते कंपनीच्या क्लिपपेक्षा घट्ट बसलंय.

वहीत सगळं आहे, फक्त एक गोष्ट नाही.

आमच्या दोन गायी होत्या तेव्हा मी वेल्डरकडून मागं लोखंडी कॅरिअर करून घेतलं होतं. दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे दोन कॅन. सकाळ-संध्याकाळ डेअरीला. दुधाचं नि कॅनचं मिळून पन्नास किलोच्या आसपास वजन, वर मी, आणि खाली गोटे. कंपनीनं काही ती गाडी दुधासाठी बनवली नव्हती. २०१९ च्या दिवाळीत गाडी धुताना डाव्या बाजूला, कॅरिअरच्या नटाजवळ, फ्रेमवर गंजाची एक बारीक रेघ दिसली. पुसली. दुसऱ्या दिवशी परत दिसली. लोखंडाच्या चिरेतून गंज असा पाझरतो. नख फिरवलं तर नख अडकलं.

तालुक्याच्या एका मिस्तरीनं वेल्डिंग मारलं, ग्राइंडरनं घासून सपाट केलं आणि वरून काळा स्प्रे मारला. म्हणाला, “नाना, आता मूळ लोखंडापेक्षा पक्कं झालं.” ही गोष्ट अर्धी खरी असते. टाका पक्का असतो, पण त्याच्या शेजारचं लोखंड तापून कमजोर होतं, आणि पुढची चीर तिथनं सुरू होते. खरं तर चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायला हवं होतं, म्हणजे चीर पुढं सरकत नाही, आणि वरून पट्टी मारायला हवी होती. सण तोंडावर होता, त्याच्याकडं गर्दी होती. पट्टी नंतर मारू म्हणालो. पुढं गायी विकल्या, कॅन सुटले आणि पट्टी राहिली ती राहिलीच. त्यानंतर मी त्या कॅरिअरवर कधी गोणी टाकली नाही. विळा, डबा, फार तर भाजीची पाटी. गाडी नीट चालली. का नीट चालली, ते मला ठाऊक होतं.

आणि हा पोरगा मला सांगत होता की मनालीहून काझाला जायचंय, एकट्यानं. कुंझुमची खिंड लागते, १५,००० फुटांच्या आसपास. तिथं हवा विरळ, म्हणून पेट्रोलचं प्रमाण जास्त होतं, गाडी काळं धुरकटते आणि दम सोडते. त्यासाठी लहान जेट बरोबर नेणार. हे मला माहीत नव्हतं, त्याच्याकडून कळलं. पुढचं दातेरी चक्र एक दात कमी करणार, म्हणजे चढाला जोर मिळेल. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा बसवणार. टाकी अकरा लिटरची, म्हणून मागं पाच लिटरचा कॅन, दोन बाजूंना पत्र्याच्या पेट्या आणि वर तंबू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ या असल्या फेरफारांना कितपत मोकळीक देतं, हे त्यानं बघितलं होतं का कुणास ठाऊक. माझ्या दुधाच्या कॅरिअरला तरी मी कुठं कुणाला विचारलं होतं! पेट्या, कॅन, तंबू असं तो बोटं मोडत सांगत होता आणि मी मनात वजन मोजत होतो. सगळं त्याच नटावर येत होतं.

रात्री मला बेल्ह्याचा बाजार आठवला.

१९७२ चा दुष्काळ. मी बारा वर्षांचा. वैरण संपली होती. दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, तांबड्या बैल बेल्ह्याच्या बाजाराला काढला. मला बरोबर नेलं. तांबड्या दिसायला देखणा, सपाटीला सरळ चालायचा, पण चढ लागला की पुढचे गुडघे टेकायचा. मग शेपटी पिरगाळा, काही करा, उठायचा नाही. बाजार भरतो सपाटीला. गिऱ्हाईक होतं आंबेगावच्या डोंगराकडचं. अंगात फाटकी बंडी. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला. हेड्यानं उपरण्याखाली बोटं दाबून भाव केला. मग त्या माणसानं विचारलं, “मारका नाही ना?”

दादा म्हणाले, “आमचं पोर त्याच्या पोटाखाली बसतं.” आणि मला खूण केली. मी वाकून तांबड्याच्या पोटाखाली गेलो आणि पलीकडून निघालो. तांबड्यानं कानसुद्धा हलवला नाही. माणूस हसला. सौदा झाला.

परत येताना दादा बराच वेळ गप्प होते. मग आपणहून म्हणाले, “विचारलं असतं तर सांगितलं असतं.” मी तर काही बोललोही नव्हतो. त्यानंतर दादा बेल्ह्याला कधी गेले नाहीत, बैल घ्यायचा-विकायचा असला की चुलत्यांना पाठवायचे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दादांना दोष देणं मला आजही जमत नाही. घरात आठ तोंडं होती. आणि बाजाराची रीतच आहे, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायचे. मीही त्याच रीतीवर आयुष्य काढलंय. कालवड घेताना व्यापारी तिची खोड आपणहून सांगेल अशी अपेक्षा मी कधी केली नाही. मी सड बघतो, धार काढून बघतो. माझ्या इम्पल्सचे टायर झिजलेत हे पोराला दिसत होतं, ते मी सांगायची गरज नव्हती. साठ हजार किलोमीटर झालेत हे काट्यावर होतं. पण रंगाखालचा टाका? तो बघायला त्याच्याकडं डोळे असून उपयोग नव्हता. तो दिसू नये म्हणून तर वर काळा स्प्रे मारला होता. गंज धरू नये म्हणून मारला, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो होतो.

दुसरी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. ती गाडी पाच वर्षं नीट चालली त्यात लोखंडाचा वाटा अर्धाच होता, उरलेला अर्धा माझ्या डोक्यात होता. कुठं वजन टाकायचं नाही, ओढ्यातल्या कुठल्या गोट्यावर उभं राहून गाडी हलकी करायची. पंचेचाळीस हजार मी सगळ्या गाडीचे घेणार होतो आणि हे डोक्यातलं इथंच ठेवून घेणार होतो.

मनात वकील पण होताच. पोरगा शिकलेला आहे, त्याचा मिस्तरी बघेल. पेट्या तो लावणार, मी नाही. माझ्या गाडीचं तो काय वाट्टेल ते करणार, त्याचा हिशोब माझ्या खात्यावर का? आणि विहिरीची मोटार जळलेली, रिवाइंडिंगचे आणि पाइपांचे पैसे द्यायचे होते. हे सगळं खरं होतं. तांबड्या मारका नव्हता, हेही खरंच होतं.

सकाळी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं थोडा वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, “काल का नाही सांगितलंत?”

मी म्हणालो, “तू विचारलं नाहीस.” आणि हे वाक्य तोंडातून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. पन्नास वर्षांपूर्वीचं वाक्य, जसंच्या तसं.

एक कबूल करतो. मी हे चांगुलपणानं केलं की भीतीनं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. त्या पोराला काही झालं असतं तर माझं नाव निघालं असतं, ही भीती होती. मी सांगितलं नसतं तर झोप लागली नसती, मग हे सांगणं तरी त्याच्यासाठी की माझ्या झोपेसाठी? आमच्या मंडळींना विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगितलं ना? मग आता कशाला कीस पाडता?” बायकांना असले प्रश्न पडत नाहीत असं नाही, त्या पाणी भरायला उठतात म्हणून सुटतात.

रविवारी पोरगा आला, बरोबर एक मित्र, तोही गाड्यांतला जाणकार. त्यांनी नाण्यानं रंग खरवडला, टाका बघितला, उन्हात धरून फोटो काढले. आपसात बोलले. टाका घासून काढायचा, चिरेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडायची, दोन्ही अंगांनी पट्टी मारायची आणि पेट्यांचा सांगाडा खाली पायदानाच्या नटांपर्यंत न्यायचा, म्हणजे भार वाटला जाईल. ही अक्कल माझ्या वेल्डरला आणि मला सुचली नव्हती. मग भाव. पोरानं छत्तीस सांगितले. मी घासाघीस केली नाही. मंडळी आतून ऐकत होत्या, चहा ठेवताना हळूच म्हणाल्या, “तोंडाची किंमत नऊ हजार.”

पैसे मोजून झाल्यावर मी वही आणली. पेन काढलं आणि २०१९ च्या पानावर, दोन नोंदींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: दिवाळी, डावी बाजू, कॅरिअरच्या नटाजवळ फ्रेमला चीर, वेल्डिंग, पट्टी नाही. वही त्याच्या हातात दिली. त्यानं ते वाचलं आणि विचारलं, “काका, आणखी काही?”

मला वाटलं होतं, संपलं. पण आठवत गेलं. थंडीत चोक लवकर काढला तर बंद पडते. उतारावर चौथ्यातून तिसरा टाकताना कधीकधी गिअर मधेच लटकतो, पाय पूर्ण दाबायचा. डाव्या फोर्कचं सील दोन वर्षांपूर्वी बदललंय, उजव्याचं नाही. टाकीचं झाकण पावसात पाणी घेतं, वर फडकं बांधायचं. तो लिहून घेत होता. तासभर गेला, दुसऱ्यांदा चहा झाला. उन्हं कलली तेव्हा मित्र म्हणाला, चला, अंधार होईल.

किक त्यानंच मारली. पहिल्या किकला लागली. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो. मित्राची गाडी पुढं, ही मागं. ओढ्यात उतरली, पाण्यातून गेली आणि पलीकडच्या चढाला लागली. त्यानं गिअर कमी केला. मी कान देऊन ऐकत होतो, मागनं काही खडखडतंय का.