तेल्या आणि निगोद

चातुर्मासात मुनी महाराज एका गावी थांबतात. पावसाळ्यात जीवराशी उदंड होते, पाऊल टाकलं तरी हिंसा घडते. नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही मृग बहारवाले, म्हणजे पावसाळ्यातला बहार धरणारे, पंप घेऊन डाळिंबाच्या बागेत असतो, कारण दमट हवा आणि भुरभुर पाऊस आला की तेल्या रोग आलाच. सकाळी फवारणी, मग अंघोळ करून प्रवचन. कवठे महांकाळ तालुक्यातल्या जैन शेतकऱ्याला हे दोन्ही एका दिवसात बसवावं लागतं आणि त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

आमच्या आत्ती बोलतात. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. कांदा-बटाटा वर्ज्य, पाणी गाळून, दिवेलागणीनंतर तोंडात काही नाही. नवरा बागेतून आला, शर्टावर मोरचुदाचे निळे डाग. आत्ती म्हणाल्या, "एका बटाट्यात अनंत जीव म्हणून आम्ही त्याला हात लावत न्हाई. तू आज किती मारलंस?"

"आई, माल इकला न्हाई तर गाळायला तरी पाणी कुठनं आणू? टँकरवाला फुकट देतोय व्हय?"

त्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, म्हणजे जंतूंची वकील.

शास्त्रातलं उत्तर मला ठाऊक होतं. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायची असते. शेती-धंद्यात होणारी उद्योगी हिंसा त्याला सुटत नाही. उत्तर बरोबर आहे, पण मला ते जरा सोयीचं वाटतं. शिवाय आत्तींनी "चालतं का?" असं विचारलंच नव्हतं. त्यांनी "किती?" असं विचारलं होतं.

तेल्या होतो झँथोमोनास कुळातल्या जंतूमुळे. पानावर तेलकट डाग, मग फळावर काळसर चट्टे, शेवटी एल किंवा वायच्या आकाराची चीर. जंतू एकाचे दोन होत वाढतात. सगळं मनासारखं मिळालं तर काही जंतूंना त्यासाठी वीस मिनिटं पुरतात. त्या चालीनं दहा तासांत एकाचे शंभर कोटींवर होतात. तेल्याचा जंतू इतका चपळ नाही, तरी सकाळी मारलेल्यांचा आकडा संध्याकाळी कशाला लावायचा? आणि दोन झाल्यावर पहिला मेला की उरला, हेही सांगता येत नाही. आत्तींना मी तेवढंच सांगितलं, आकड्याला अर्थ नाही.

प्रवचनात हमखास ऐकू येतं की विज्ञानाला जंतू सतराव्या शतकात दिसले, आपल्याकडे निगोद त्याआधीच सांगितला होता. हा अभिमान मला बिनकामाचा वाटतो, कारण दोन्ही गोष्टी एक नाहीत. निगोदात शरीर एक आणि त्यात जीव अनंत. श्वास एकत्र, आहार एकत्र, जन्म-मरणही एकत्र, माणसाच्या एका श्वासात अठरा वेळा. तिथं कुणी कुणाला मदत करत नाही. सगळे नुसते एकत्र जखडलेले. जंतूचं उलट आहे. प्रत्येकाला आपापली भिंत, आपापलं शरीर, आणि तरी ते मिळून घर बांधतात.

ते घर चिकट असतं. झँथोमोनासच्या जंतूंनी सोडलेल्या बुळबुळीत पदार्थाला झँथन म्हणतात. त्यात लपेटून ते पानावर ऊन आणि कोरड सोसतात. तेल्याचा एक भाऊबंद कोबीवर पडतो. त्याच्याकडून हा चिकटा कारखान्यात काढून घेतात आणि आइस्क्रीम, सॉस, बिनअंड्याचा केक यांत घालतात. पाकिटावर ४१५ हा आकडा दिसला की समजायचं. लेकीच्या वाढदिवसाला आम्ही अहिंसक म्हणून आणलेल्या केकमध्ये तो होता. आत्तींना मी अजून सांगितलेलं नाही.

या कुळातले जंतू एक स्निग्ध आम्लही सोडतात. दाटी वाढली की ते साचतं, त्यावरून आपण पुरेसे जमलो हे त्यांना कळतं आणि मग पानावरचा हल्ला जोर धरतो. काही जंतू पाचक रस सोडतात, तर काही फुकटे तो न सोडताच जेवतात. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात जीवांचं काम एकमेकांच्या उपयोगी पडणं असं सांगितलंय. जैन प्रतीकाखाली तेच वचन असतं. तेल्याचे जंतू ते पाळतात म्हणावं का? मला तसं म्हणवत नाही. त्यांना मन नाही, भाव नाही. त्यांचा उपकार पुण्य नव्हे, तशी माझ्या फळाची नासाडी हे त्यांचं पापही नव्हे. हिंसेचा विचार करायला भाव लागतो, आणि या बागेत तो फक्त माझ्याकडे आहे.

तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, गाफीलपणावर बोट ठेवतं. माझा गाफीलपणा मला मोजता येतो. सतराव्या शतकात जंतू पाहणाऱ्या लेव्हेनहूकच्या १६८४ साली छापलेल्या पत्रात आहे की व्हिनेगरनं दात धुतले तर दातांवरच्या किटणातले फक्त बाहेरचे जंतू मेले, आतले तसेच राहिले. आम्ही फवारतो ते स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक याहून फार वेगळं करत नाही. चिकट्याच्या आत असलेले, किंवा वाढ थांबवून निपचित पडलेले वाचतात, वारंवार मारा केला की त्यांतले औषधाला न जुमानणारे वरचढ होतात. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोग्यालाही लागतं. केंद्रानं २०२१ साली या शेतीतल्या प्रतिजैविकांवर बंदीचा मसुदा काढला तो उगीच नाही. तरी "आठवडा झाला, मारून टाकू" म्हणून पंप उचलायचा, याला मी प्रमाद म्हणते. डाग दिसतोय का हे झाडाखाली वाकून बघायचाही आम्हाला कंटाळा.

यंदा नवऱ्याशी भांडून मी मृग सोडायला लावला, पाऊस ओसरतानाचा हस्त बहार धरला. त्या हवेत तेल्याचा जोर कमी असतो. रोगट फांद्या छाटून बागेबाहेर जाळल्या. प्रत्येक झाडानंतर कात्री हायपोक्लोराइटच्या डब्यात बुडवायची, कारण कात्रीच तेल्याला या झाडावरून त्या झाडावर नेते. मजूर वैतागले, छाटणी लांबली.

आत्ती बांधावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "त्या डब्यात मरत न्हाईत व्हय?"

"मरतात की. पण थोडेच. पुढचे कोट्यवधी जन्मालाच येत न्हाईत."

"तवा म्हणालीस, आकड्याला अर्थ न्हाई. आता तूच मोजाय लागलीस."