साप ओरडत नाही

साप घरात आणायचाच असेल, तर आधी थर्मोस्टॅट आणावा, साप मागाहून. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बॉल पायथन आता काचेच्या पेटीत राहू लागला आहे, पण त्याच्या पोटाखालची उष्णता मोजायची तसदी फार थोडे घेतात.

हा अजगर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. अंगची ऊब तो स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो. म्हणून पेटीचं एक टोक 31-32 अंशांवर आणि दुसरं 25-26 वर हवं. मग तो सोयीने सरकतो. पुण्यात हिवाळ्याच्या रात्री पारा दहाजवळ आला की मालक हीट मॅट लावून झोपी जातो. थर्मोस्टॅट नसलेली मॅट तापतच राहते. चटका बसताच आपण हात मागे घेतो. सापाचं बहुधा तसं होत नाही. बाकी पेटी गार असेल, तर पोट भाजत असतानाही तो तिथेच पडून राहतो. सकाळी घरचे कौतुकाने म्हणतात, "किती गरीब आहे!" उचलून पोटाकडून पाहा: खवले लालसर, मध्येच पाण्याने भरलेला फोड, काही दिवसांनी तपकिरी चट्टा. विजेवर तापणारे दगड आणि पेटीत जाळीविना टांगलेले बल्ब दुकानातून हद्दपारच व्हायला हवेत.

उष्णतेने पेटीतली ओलही उडते. कात अखंड निघायला हवी, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट. निघालेली कात उजेडात धरून त्या दोन टोप्या शोधाव्यात. तुकडे पडले असतील तर हवा कोरडी आहे. राहिलेली टोपी चिमट्याने ओढू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो. ओल्या शेवाळाचा डबा पेटीत ठेवावा, तेवढ्याने भागलं नाही तर पशुवैद्य गाठावा. पावसाळ्यात मुंबईत नेमकं उलटं होतं: तळाचा थर ओला आणि घाण राहिला की खवले कुजू लागतात.

आपले नाग, धामण, अजगर पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. 2022च्या दुरुस्तीने बॉल पायथनसारख्या विदेशी प्रजातींची नोंदणीही आली. पण नोंदणी झाली म्हणून काळजी घेतली गेली, असं होत नाही. नागपंचमीला दूध पाजून, हळदकुंकू माखून आपण सापांचे हाल केले. ते थांबवायला वर्षानुवर्षं प्रबोधन करावं लागलं, बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा प्रश्न तर न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा साप देव होता, आता तो दिवाणखान्याची शोभा आहे. त्याच्या देहाला काय सोसावं लागतं, हे तेव्हाही फार कोणी विचारलं नाही आणि आताही फार कोणी विचारत नाही.

म्हणून गिऱ्हाइकाने थर्मोस्टॅट आणि दोन तापमापक घेतल्याशिवाय विक्रेत्यांनी साप हवाली करू नये. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार साप जिथे पोट टेकतो तिथेच बसवून दाखवावी. आणि एवढा खर्च, रोज दोन आकडे पाहण्याचा एवढा त्रास ज्याला जड वाटतो, त्याला साप विकूच नये.