चंद्रावरचे पाणी कुणाचे?

भारताने २००८ मध्ये पाठविलेल्या पहिल्या चांद्रयानावर अमेरिकेचे एक उपकरण होते. त्याच्या नोंदींतून २००९ मध्ये चंद्रावरील पाण्याच्या खुणा उघड झाल्या आणि कोरडा समजला गेलेला चंद्र एकाएकी मोलाचा ठरला. दक्षिण ध्रुवाजवळच्या, सूर्यकिरण कधीच न पोहोचणाऱ्या विवरांत बर्फ असल्याचे पुरावेही मिळाले. त्यापासून पिण्याचे पाणी, श्वासासाठी प्राणवायू आणि अग्निबाणासाठी इंधन मिळू शकेल. म्हणूनच अमेरिका व तिचे सहकारी एकीकडे आणि चीन व रशिया दुसरीकडे, असे दोन गट तेथे तळ उभारण्याच्या योजना आखीत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये आपले चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या दिशेला अलगद उतरले, तेव्हा आम्हांलाही अभिमान वाटला. तो ओसरल्यावर मात्र प्रश्न उरला : हे पाणी कुणाचे?

१९६७ च्या अंतराळ कराराने चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला स्वामित्व सांगण्यास मनाई केली आहे. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा करून, अंतराळातून काढलेल्या द्रव्यावर आपल्या नागरिकांचा हक्क मान्य केला. असे उत्खनन म्हणजे आपोआप स्वामित्व ठरत नाही, अशी भूमिका २०२० च्या आर्टेमिस करारानेही घेतली. भारताने २०२३ मध्ये त्यावर सही केली. यामागचा युक्तिवाद असा की, समुद्र कुणाचाच नसतो. पण जाळ्यात आलेली मासळी कोळ्याची असते.

दाखला चपखल वाटतो खरा. पण मासळी अंडी घालते, पुन्हा वाढते. आणि तरीही बेसुमार मासेमारीने समुद्र ओस पडतात. विवरांतला बर्फ साठण्यास युगे लागली. इंधन म्हणून जाळला की तो संपला. शिवाय ज्याच्यापाशी होडीच नाही, त्याला समुद्र सर्वांचा आहे असे सांगून काय समाधान लाभणार?

धोका पत्करणाऱ्याला श्रमाचे मोल मिळू नये, असे आम्ही म्हणत नाही. विहीर खणणाऱ्याला मजुरी द्यायलाच हवी. परंतु म्हणून गावाचे पाणी त्याचे होत नाही. जे अजून पोहोचले नाहीत आणि जे अजून जन्मले नाहीत, त्यांचा वाटा आधी बाजूला काढून मगच खणावे, एवढेच आमचे म्हणणे.

१९७९ च्या चंद्र कराराने ही संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानली होती. बड्या राष्ट्रांनी तो स्वीकारला नाही. भारताने १९८२ मध्ये सही केली, पण पुढे अनुसमर्थन दिले नाही. चंद्रापर्यंत जाणारी होडी आपल्यापाशी नव्हती, तेव्हा वारशाची भाषा आपल्याला पटली होती. आता होडी आली आहे. ती भाषा आपण विसरणार काय?