सोळा किलोमीटरचं वर्तुळ

सकाळी बोईसरहून लोकलनं पालघरला निघालं की उमरोळी सोडल्यावर कुठेतरी आपण एक रेषा ओलांडतो. ती रुळांवर आखलेली नाही. डब्यात कुणी त्यासाठी मान वर करून बाहेर बघत नाही. तारापूरच्या अणुभट्ट्या मध्यबिंदू धरून सोळा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर बोईसर आत येतं, पालघर बाहेर राहतं. आतल्यांसाठी आणीबाणीचा आराखडा तयार असतो: घरात कुणी थांबायचं, हलवायचं कुणाला, आयोडीनच्या गोळ्या कधी द्यायच्या. दाराशी टोपली घेऊन बसलेल्या मावशी हा आराखडा रोज दोनदा ओलांडतात. त्यांचं लक्ष मात्र पालघर आल्यावर टोपली खाली उतरवायला कोण हात लावेल, इकडे.

असे आराखडे पाहिले की मला अल्डस हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही १९३२ सालची कादंबरी आठवते. तिच्यात मुलं बाटलीत वाढतात आणि पुढे साहेब कोण होणार, हमाली कोण करणार, ते बाटलीतच ठरतं. लोक तेवढं लक्षात ठेवतात. मला जास्त भीती वाटते ती तिथल्या कारभाऱ्यांची. कुणी चाबूक उगारत नाही. सगळे हिशेबाला पक्के, सगळ्यांना लोकांचं भलंच करायचंय. फक्त ज्याचं भलं करायचं, त्याला विचारायची पद्धत नाही.

महाराष्ट्रानं हे जवळून पाहिलंय. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, तीन मुलं झालेल्यांना नसबंदीची सक्ती करणारं विधेयक आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं. त्यामागेही लोकसंख्येचे तक्ते होते, तज्ज्ञ होते, भलं करायची घाई होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. नाहीतर आपल्याला हक्सली वाचायची गरज उरली नसती.

तारापूरची वीज १९६९पासून महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळतेय. मी काही भट्ट्या बंद करा म्हणणारा नाही. रात्री ज्या दिव्याखाली वाचतो, त्यात तिचाही वाटा असणार. अपघात झालाच तर जवळपास माणसं कमी असावीत, हेही मला पटतं. पण सोळाच्या वर्तुळाच्या आत आणखी दोन वर्तुळं आहेत. पहिलं १.६ किलोमीटरचं, त्यात वस्ती नाही. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला नवं घर देता येतं, पण दारातून दिसणारी भरती-ओहोटी कुठून देणार? नकाशावर तिला रकाना नसतो.

दुसरं वर्तुळ पाच किलोमीटरचं. तिथे गावं नांदतात, पण नियम असा, की लोकसंख्या फक्त नैसर्गिकरीत्या वाढावी. माणसं बाहेरून येऊन गर्दी वाढेल असं काही उभं करायचं नाही. म्हणजे घरात पाळणा हलला तर तो नियमात बसतो. पाळण्यातल्या त्या बाळाला मोठेपणी गावातच नोकरी देईल असा मोठा कारखाना मात्र बसत नाही.

अणुऊर्जा नियमनाच्या कागदांत या पट्ट्याला कित्येक वर्षं ‘स्टरिलाइज्ड झोन’ म्हणत. चूल पेटलेली, पोरं शाळेला निघालेली, अंगणात मासळी वाळत घातलेली, आणि नाव हे! हा शब्द लिहिताना कुणाची लेखणी अडखळली नाही, हे मला त्या नियमापेक्षा जास्त खुपतं. २०१४ साली, पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, नियम नव्यानं लिहिले गेले आणि पट्ट्याचं नाव झालं ‘नॅचरल ग्रोथ झोन’.

त्रिज्या पाच किलोमीटरचीच राहिली.