पोस्त

चोरी वाईट हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण चोरी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न अडुसष्टाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. छत्तीस वर्षं बँकेत लोकांचे पैसे मोजून रोज रिकाम्या हातांनी घरी येणारा मी माणूस. प्रश्न पडला तो अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरी, एका उंची स्टेकहाउसच्या बारमध्ये. आणि तोही चोरी करून झाल्यावर.

आम्ही उभयता पुतण्याकडे दोन महिने राहायला गेलो होतो. एका शुक्रवारी तो म्हणाला, "काका, आज तुम्हाला खरं टेक्सास दाखवतो." स्टेकहाउस म्हणजे गाईबैलाच्या मांसाचे तळहाताएवढे जाड काप विस्तवावर भाजून देतात ती जागा, हे कळताच आमची ही "मी घरीच बरी" म्हणाली आणि तिने कुकर लावला. मला मात्र पुतण्याने समजावलं, की आपण जेवायला नाही, नुसतं बारवर बसायला जातोय. दोन पेले, चार तोंडात टाकायचे पदार्थ, स्टेककडे बघायचंसुद्धा नाही. पण न बघून सांगतो कुणाला! दारातच काचेचं थंडगार कपाट, आणि त्यात आठवडेच्या आठवडे मुरत ठेवलेली मांसाची धुडं. आपण आंब्यांची अढी घालतो, तशी ही त्यांची अढी.

आत अंधार. हॉटेल जितकं महाग तितका उजेड कमी, हा नियम आमच्या पुण्याच्या परमिट रूमपासून ह्यूस्टनपर्यंत सारखाच. फरक एवढाच, की आमच्याकडे अंधाराला निदान कारण आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि प्यायला रीतसर परवाना लागतो. तो किती लोकांच्या खिशात असतो हे विचारू नये. अंधार त्याचसाठी असतो. इथे मात्र परवान्याची भानगड नसताना मला मेनू वाचायला फोनचा दिवा लावावा लागला. नुसत्या किमती वाचून दिवा बंद केला.

बारवाला मोठा हसतमुख गडी. आल्याआल्या त्याने स्वतःचं नाव सांगितलं. ते मी इथे देत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्याचा काही दोष नाही. मला त्याने ऑलिव्ह घातलेली मार्टिनी दिली. पुतण्याला गाडी चालवायची होती, त्याने एका बिअरवर भागवलं. मग चकणा आला. आमच्याकडे चकणा म्हणजे चणे, शेंगदाणे, फार तर काकडीच्या चकत्या. आणि तो बऱ्याचदा फुकट. इथे चकण्याचं बिल पाहून माणसाचे डोळे चकणे होतात. काठाला लटकवलेल्या पाच कोळंब्या, मध्ये बर्फ आणि तांबडी आंबट चटणी, याला ते श्रिंप कॉकटेल म्हणतात. पाच! मालवणात पाच कोळंब्या मांजरीपुढे टाकल्या तर मांजर रागावेल. त्यानंतर पुतण्या म्हणाला, "क्रॅब केक घेऊ." मी म्हटलं, म्हणजे खेकडा भजी. ती म्हणजे कांद्याची, ही खूणगाठ मनाशी बांधून मी निर्धास्तपणे घास घेतला, तर आत खरोखरचा खेकडा! कांदा शेवटी वेगळा आला, बांगडीएवढ्या गोल भज्यांच्या रूपाने, आणि मी सुखावलो. दुसऱ्या मार्टिनीनंतर तर ते मांसाचं कपाटही मला अंगवळणी पडल्यासारखं वाटू लागलं.

बिल झालं ९४ डॉलर. पुतण्याने कार्डाने पैसे चुकते केले, वर दहा-दहाच्या दोन कोऱ्या नोटा त्या काळ्या पाकिटात ठेवल्या आणि "आलोच हं, काका" म्हणून हात धुवायला गेला.

वीस डॉलर! ऐंशीने गुणलं तरी सोळाशे रुपये, आणि खरा भाव ऐंशीच्या वर. तीन पेले आणि तीन बशा हातभर अंतरावरून पुढे सरकवल्याबद्दल! छत्तीस वर्षांची बँक माझ्यात जागी झाली. पोराला पैशाची किंमत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी शहाणपण दाखवायला हवं. बारवाला पाठमोरा होता. मी एक नोट अलगद काढून शर्टाच्या खिशात टाकली. स्वतःसाठी नव्हे, देवाशपथ! निघताना पुतण्याच्या मुलीच्या हातावर ठेवणार होतो. दुसऱ्याच्या पैशाने औदार्य दाखवायचं, म्हणजे खरं तर बँकेचंच तत्त्व.

गाडीत बसल्यावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "इथे पोस्त जरा जास्तच देतात, नाही?"

"काका, पोस्त कसली? त्याचा पगारच तो. इथे टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले की भागतं. १९९१ पासून तोच दर आहे."

दोन डॉलर तेरा सेंट! तासाभराच्या पगारात दोन कोळंब्यासुद्धा येणार नाहीत. पुतण्याने आणखी सांगितलं, की टीप धरूनही तासाला ७.२५ भरले नाहीत, तर उरलेले मालकाने द्यायचे असा कायदा आहे. आणि मिळालेल्या टीपेतून बारवाला बऱ्याचदा बर्फ आणणाऱ्या, पेले विसळणाऱ्या पोरालाही वाटा देतो. मी खिडकीबाहेर बघत होतो. खिशातली नोट मला टोचू लागली होती.

त्या रात्री झोप कसली! आपल्याकडे दिवाळीला पोस्तमनला, भंगिणीला (तेव्हा आम्ही सर्रास तसंच म्हणायचो, आता लाज वाटते), गुरख्याला पोस्त देतात. ती द्यायची ती पगार झालेल्या माणसाला, वरून, खुशीने. नाही दिली तर तो आपल्याला फार तर चिक्कू म्हणेल, त्याची चूल विझणार नाही. पण खुशी हाच जिथे पगार आहे, तिथे ती खुशी कशी म्हणायची? आणि मग मी उचललं ते कुणाचं? पाकिटात होतं तोवर पुतण्याचं, असं माझ्यातला वकील म्हणत होता. माझ्यातला कॅशियर म्हणत होता, काउंटरवर ठेवलेली रक्कम ज्याच्या नावाने ठेवली त्याची.

मग वाचत बसलो. टीप हा प्रकार लोकशाहीला शोभत नाही, म्हणून वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली त्यावर कायद्याने बंदी घातली होती. आणखी काही राज्यांनीही घातली, आणि ते सगळे कायदे १९२६ पर्यंत गुंडाळले गेले. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने आगगाडीच्या डब्यांत कृष्णवर्णीय हमाल तुटपुंज्या पगारावर ठेवले आणि उरलेलं उतारूंच्या दानतीवर सोडून दिलं. म्हणजे पगार मालकाने द्यायचा तो गिऱ्हाइकाने द्यायचा, आणि वर गिऱ्हाइकाला आपण दानशूर असल्याचा भास! व्यवस्था लबाड आहे यात मला शंका नाही. पण त्या लबाडीतून दहा डॉलर मी काढले होते, आणि ते मालकाच्या खिशातून गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याचं घर बारमध्ये विसरलो. (ते गादीखाली होतं.) ह्यूस्टनमध्ये गाडीशिवाय माणूस पांगळा, तेव्हा पुतण्यालाच घेऊन जावं लागलं. वाटेत मी मनात इंग्रजी वाक्य घोकत होतो: काल मी तुमच्या पैशांतले दहा डॉलर उचलले. घोकताना ते बरं वाटत होतं. बारवाला तोच होता. त्याने मला ओळखलं, चष्म्याचं घर खाली वाकून शोधलं, मागे जाऊन विचारून आला. पुतण्या शेजारी उभा. मी नोट पुढे केली आणि वाक्याची सुरुवात केली, "काल..."

"सर, कशाला?" म्हणत त्याने छातीवर हात ठेवला. "तुमच्यासारखी सज्जन माणसं फार थोडी." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याने माझ्यापुढे एक मार्टिनी ठेवली. "ही माझ्याकडून."

वाक्य तिथेच राहिलं. मार्टिनी मी संपवली. फुकटच्या पेल्यावरही टीप ठेवायची असते, असं पुतण्या कानात कुजबुजला, तेव्हा आणखी पाच डॉलर ठेवले, हे मात्र माझे स्वतःचे.

घरी आल्यावर पुतण्याने उत्साहाने सांगितलं, "काकू, काका एका दिवसात तयार झाले! न विचारता दहा डॉलर टीप दिली, बारवाला नुसता विरघळला."

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. आदल्या रात्री धुवायला टाकण्यापूर्वी माझ्या शर्टाचा खिसा तिनेच रिकामा केला होता.

"हो का?" ती म्हणाली आणि कालचा तो शर्ट घडी करून माझ्या हातात दिला.